सीट कोणासाठी जपायची? चामडी सीटवरच्या कव्हरांचा आढावा

नवी गाडी घेताना बेळगावात काय, निपाणीत काय, ग्राहकापुढे ॲक्सेसरीजचा कागद येतो. त्यात मॅट, मडफ्लॅप आणि बॉडी कव्हर असते, आणि त्यांच्यासोबत सीट कव्हरही असते. पूर्वी या शेवटच्या ओळीवर विचार करण्यासारखे काही नव्हते. सीट कापडी असायची, कापडावर पडलेला चहाचा डाग निघत नसे, म्हणून वरून रेक्झिन घातले जाई. आता मध्यम किमतीच्या गाड्यांच्या वरच्या श्रेणीतही कंपनीचीच चामडी किंवा चामड्यासारखी सीट मिळते. ती ओल्या फडक्याने पुसता येते. तरीही कागदावरची ती ओळ गेलेली नाही आणि बहुतेक घरांत तिच्यापुढे बरोबरची खूण होतेच. काही हजार रुपये जास्त मोजून घेतलेली सीट पहिल्याच दिवशी झाकली जाते आणि गाडी विकेपर्यंत झाकलेलीच राहते.

हे योग्य आहे का, याचे उत्तर सगळीकडे सारखे नाही. सीट कशाची आहे, गाडी कुठे उभी राहते आणि तिच्यात कोण बसते, यावर ते ठरते. हा आढावा मी गुंजी डोळ्यांसमोर ठेवून घेत आहे. खानापूर तालुक्यातले हे गाव बेळगाव-पणजी रस्त्यावर, खानापूर आणि लोंढा यांच्या मधे आहे. सह्याद्रीचा पाऊस आणि जंगल त्याच्या दाराशी आहे. उत्तरेला बेळगाव ओलांडून निपाणी-चिकोडीकडे गेले की हवा कोरडी होत जाते, ऊस-तंबाखूची शेते आणि धूळ सुरू होते. पश्चिमेला अनमोड घाट उतरला की गोव्याची दमट, खारी हवा. या पट्ट्यातली माणसे लग्नकार्य, बाजार, दवाखाना आणि नोकरीसाठी या तिन्ही हवांतून गाडी फिरवतात. त्यामुळे कव्हराचे सगळे फायदे-तोटे इथे एकाच गाडीत दिसतात.

आधी सीट ओळखा

ज्या सीटला आपण सरसकट लेदर म्हणतो, ती बहुतेक गाड्यांत जनावराच्या कातड्याची नसते. कंपनीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘लेदरेट’ किंवा ‘कृत्रिम लेदर’ असे छापलेले असते. ही विणलेल्या कापडावर प्लास्टिकचा थर दिलेली वस्तू आहे. तो थर पीव्हीसीचा असतो, पॉलियुरेथेनचा म्हणजे पीयूचा असतो, किंवा दोन्हींचा. यात कमीपणाचे काही नाही. मर्सिडीजची आर्टिको, बीएमडब्ल्यूची सेन्साटेक आणि टोयोटाची सॉफटेक्स ही कृत्रिम चामडीच आहेत. व्होल्वोने तर 2021 मध्ये आपल्या नव्या विजेवरच्या गाड्यांतून खरे चामडे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. महागड्या गाडीत खरे चामडे असले तरी ते अनेकदा बसण्याच्या आणि टेकण्याच्या भागापुरते असते. बाजूचे आणि मागचे पट्टे कृत्रिम असतात.

खरे चामडे असले तरी ते आपल्या ओळखीचे चामडे नसते, हे या भागातल्या माणसाने विशेष ध्यानात घ्यावे. निपाणी आणि अथणीच्या पट्ट्यात कोल्हापुरी चपला पिढ्यान्‌पिढ्या बनत आल्या आहेत. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्या चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावतात. कातडे पिशवीसारखे शिवायचे, त्यात अर्क भरायचा आणि टांगून ठेवायचे, ही तिची जुनी रीत. असे चामडे उघडे असते. ते पाणी पिते, तेलही पिते. म्हणून वहाणेला तेल चोळले की ती मऊ होते आणि टिकते.

मोटारीच्या सीटचे चामडे असे नसते. क्रोमियमच्या क्षारांनी किंवा दुसऱ्या रसायनांनी ते कमावलेले असते. क्रोमची पद्धत 1884 मध्ये ऑगस्टस शुल्ट्झने अमेरिकेत पेटंट केली आणि पुढे जगातल्या बहुतेक चामडी उद्योगाने तीच धरली. कमावल्यावर चामड्यावर रंगाचा थर चढतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप. आपला हात, घाम आणि फडके या लेपाला लागते, आतल्या कातड्याला नाही. त्यामुळे वहाणेचा उपाय सीटला लावून खोबरेल किंवा एरंडेल चोळले तर ते आत मुरत नाही. वर चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते.

सीट कशाची आहे हे घरी ओळखायला फार खटाटोप लागत नाही. सीटखाली, चेनच्या किंवा शिवणीच्या कडेला, आवरणाची मागची बाजू दिसेल तिथे पाहावे. विणलेले कापड दिसले तर लेदरेट, लवेसारखे तंतू दिसले तर खरे चामडे. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे गाडीसोबत आलेले माहितीपुस्तक. सीट कशी पुसायची, याचा वेगळा परिच्छेद त्यात असतो.

झाकण्याची सवय आली कुठून

आपल्याकडे सीट झाकण्याची रीत चामड्यासाठी सुरू झाली नव्हती. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात सीट रेक्झिनच्या असत. उन्हात त्या चटका देत, घामाने पाठीला चिकटत. त्यावर सुती कव्हर किंवा टॉवेल हा शहाणपणाचा उपाय होता. सरकारी गाडीतल्या साहेबांच्या सीटवरचा पांढरा टॉवेल पुढे मानाचे चिन्ह झाला, पण त्याचे मूळ घाम टिपण्यात आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तर कव्हर हा चालकाच्या आवडीचा भाग होता. 2015 मध्ये टॅक्सी फॅब्रिक या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून टॅक्सीच्या सीट आणि छतासाठी नक्षी करून घेतली, आणि मुंबईत कव्हरावर कला आली. कव्हर हे गाडी आपलीशी करण्याचे साधन आहे. ही भावना खरी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण चामड्याची गोष्ट उलट दिशेने सुरू झाली होती. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या गाडीत चालक उघड्यावर बसे. त्याची सीट चामड्याची असे, कारण तिच्यावर पाऊस आणि चिखल येई. मागे बंद कक्षात बसणाऱ्या मालकाची सीट मऊ लोकरी कापडाची असे. आजही टोयोटाच्या सेंच्युरी या सर्वांत प्रतिष्ठेच्या गाडीत लोकरी कापडाची सीट मिळते. म्हणजे चामडे सीटवर आले ते राबण्यासाठी. मालकाने वर बसून, पुसून, पुन्हा बसावे यासाठीच ते निवडले गेले होते.

कव्हराच्या बाजूने

कव्हर घालणाऱ्यांची कारणे पोकळ नाहीत. त्यातली चार मला वजनदार वाटतात.

पहिले कारण रंग लागण्याचे. नव्या जीन्सची निळी झाक फिक्या सीटला लागते आणि काही महिन्यांत लेपात उतरते. तशी सीट पूर्ववत करणे अवघड आणि खर्चाचे असते. आपल्याकडे अनेक गाड्यांच्या सीट बदामी किंवा मोतिया रंगाच्या येतात, आणि तांबड्या मातीच्या खानापूर भागात त्या रंगाची निवड खरोखर जड जाते.

दुसरे कारण उन्हाचे. बंद गाडी उन्हात उभी राहिली की अर्ध्या तासात आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी तापू शकते, आणि गडद सीटचा पृष्ठभाग त्याहून जास्त तापतो. निपाणीच्या बाजारात एप्रिलच्या दुपारी तासभर गाडी उभी केली तर लहान मुलाला उघड्या मांड्यांनी त्या सीटवर बसवता येत नाही. सुती कापडाचा एक थर तो चटका काढून घेतो.

तिसरे कारण कामाचे. ज्यांची गाडी शेतावर जाते, खताची पिशवी, काजूची पाटी, फवारणीचा पंप वाहते, किंवा ज्यांच्या गाडीत कुत्रा बसतो, त्यांच्या सीटवर नखाचा ओरखडा किंवा टोकाची खोच एकदाच पडते आणि कायमची राहते. भाड्याने फिरणाऱ्या गाडीत रोज अनोळखी माणसे चढतात-उतरतात. तिथे कव्हर ही व्यवसायाची गरज आहे.

चौथे कारण विक्रीचे. गाडी पाच-सात वर्षांनी विकायची, तेव्हा सीट नवी दिसली तर भाव बरा येतो, असा हिशेब असतो. त्यात तथ्य आहे, पण तो अर्धा हिशेब आहे. कव्हर काढल्यावर खालची सीट खरोखर नवी निघाली तरच तो पुरा होतो, आणि आपल्या पावसाळी पट्ट्यात ती खात्री देता येत नाही.

कव्हराखाली काय घडते

खानापूरच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर असते. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी याच तालुक्यात आहे आणि तिथला पाऊस सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. बुरशी वाढायला साधारण सत्तर टक्क्यांच्या वरची आर्द्रता, थोडी ऊब, थोडा अंधार आणि खायला काहीतरी एवढेच लागते. घाम, केसांचे तेल, सांडलेले दूध आणि धूळ हे तिचे खाणे. ओल्या रेनकोटने आपण सीटवर बसतो आणि पाणी कव्हराच्या शिवणीतून आत जाते. उघडी सीट फडक्याने पुसली की दोन मिनिटांत कोरडी होते. कव्हराखालची ओल मात्र बाहेर पडायला वाट शोधत राहते. गाडी दोन-चार दिवस बंद उभी राहिली की कुबट वास येऊ लागतो, आणि कव्हर उचलले की पांढरट-हिरवे ठिपके दिसतात.

कृत्रिम चामड्याचे दुखणे याहून खोल आहे. पीयूच्या काही प्रकारांना ऊब आणि ओल एकत्र मिळाली की त्यांच्या रेणूंच्या साखळ्या तुटू लागतात. याला जलविघटन म्हणतात. मग वरचा थर मऊ पडतो आणि पापुद्रे सुटतात. घरच्या सोफ्याचे, हातपिशवीचे किंवा पट्ट्याचे पापुद्रे सुटलेले आपण पाहिलेच आहेत. ते बहुधा याच कारणाने. गाडीसाठी वापरला जाणारा चांगला पीयू यापेक्षा टिकाऊ असतो, पण बाजारात स्वस्तात मिळणारे कव्हर बहुधा तसे नसते. त्यामुळे दमट हवेत कव्हर आधी सोलते, आणि त्याचे कण खालच्या सीटला चिकटतात. पीव्हीसी ओलीला पुरते, पण उन्हात त्यातले मऊ ठेवणारे द्रव्य उडून जाते, थर कडक होतो आणि भेगाळतो. समोरच्या काचेच्या आतून जो धूसर थर धरतो, त्यात हे द्रव्यही असते.

तिसरी गोष्ट घासण्याची. खाणीतली, रस्त्यावरची, शेतातली बारीक धूळ कव्हराच्या शिवणीतून खाली जाते. कव्हर घट्ट नसेल तर बसता-उठता ते सरकते, आणि मधली धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते. ज्या लेपाला जपायला कव्हर घातले, तोच लेप झिजतो. कव्हर ताणून बसवण्यासाठी वापरलेले हुक आणि इलास्टिक सीटच्या कडांवर कायमचे वळ उमटवतात. गडद रंगाचे स्वस्त कव्हर ओले झाले तर त्याचा रंगही खालच्या फिक्या सीटला लागतो.

जंगलाला लागून राहणाऱ्यांना एक त्रास आणखी आहे. भीमगडच्या रानापासून गावाच्या गोठ्यापर्यंत उंदरांची कमी नाही. बिस्किटाचे कण पडलेले, फोमचे अस्तर असलेले आणि महिनोन्‌महिने न उचललेले कव्हर ही त्यांना आयती जागा होते. सीटखालच्या वायरी तिथून जवळच असतात.

जिवाचा प्रश्न

इथवरचा हिशेब पैशांचा होता. पुढचा जिवाचा आहे, आणि माझ्या मते निकाल इथेच लागतो.

आज अनेक गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. बाजूने धडक बसली की ती सीटची शिवण फाडून बाहेर येते आणि प्रवाशाच्या बरगड्या व दार यांच्या मधे फुगते. समोरच्या धडकेत बोनेट चेपायला काही वेळ मिळतो. बाजूच्या धडकेत माणूस आणि आदळणारी गाडी यांच्या मधे फक्त दाराची जाडी असते. म्हणून या एअरबॅगला काम उरकायला सेकंदाचा पन्नासावा ते शंभरावा भाग एवढाच वेळ असतो. तेवढ्या वेळात तिच्यावर जाड रेक्झिन, फोम आणि दुहेरी शिलाई आली तर ती उशिरा उघडते, भलत्या दिशेला वळते किंवा आतच अडकते. बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तकांत अशा सीटवर कव्हर घालू नये, असे स्पष्ट लिहिलेले असते.

पूर्वी ही चिंता मोठ्या गाड्यांची होती. आता ती सगळ्यांची झाली आहे. चालकासाठी एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली, शेजारच्या प्रवाशासाठी 2021 मध्ये. 2022 मध्ये केंद्र सरकारने सहा एअरबॅगचा प्रस्ताव मांडला. सक्ती झाली नाही, पण 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपची सुरक्षा-तारांकने सुरू झाली, आणि ग्राहकही विचारू लागले. 2025 मध्ये मारुतीने ऑल्टो के10 आणि वॅगन आर यांसारख्या लहान गाड्यांतही सहा एअरबॅग दिल्या. सहांपैकी दोन सहसा पुढच्या सीटच्या पाठीतच असतात. म्हणजे आज घेतलेल्या साध्या गाडीतही कव्हराचा निर्णय हा सुरक्षेचा निर्णय आहे. सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ असे लिहिलेली छोटी चिठ्ठी शिवलेली असते. कव्हर मागण्यापूर्वी ती शोधावी.

दुकानात एअरबॅगला चालणारे म्हणून कव्हर मिळते. त्याच्या कडेची एक शिवण मुद्दाम कच्च्या धाग्याने घातलेली असते, म्हणजे दाब आला की ती उसवावी. चांगल्या कारखान्यात हे काम नीट होऊ शकते. पण ती शिवण एअरबॅगच्या समोरच आली आहे का, धागा खरोखर कच्चा आहे का आणि आतले फोम मधे येत नाही ना, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. अपघात झाल्याशिवाय त्याची परीक्षा होत नाही. म्हणून कव्हर घालायचेच असेल तर पाठीची बाहेरची कड पूर्ण उघडी ठेवणारे घ्यावे. तिथे कापड नसेल तर शंकेलाही जागा नाही.

दुसरा धोका सीटबेल्टचा, म्हणजे पट्ट्याचा. कुशनवाला मागच्या सीटचे कव्हर ताणताना पट्ट्यांची कुलपे खाली दाबतो, आणि ती कव्हराखाली कायमची गाडली जातात. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या प्रवाशांनाही पट्टा सक्तीचा आहे आणि न लावल्यास 1,000 रुपये दंड आहे. पण कुलूपच सापडत नसेल तर नियम पाळणार कसा? लहान मुलांची सीट अडकवण्याच्या आयसोफिक्सच्या कड्यांचेही हेच होते. त्या सीटच्या बेचक्यात असतात आणि कव्हर त्यांच्यावरून जाते.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. शेजारच्या सीटमध्ये, तिच्यावर माणूस बसला आहे का हे ओळखणारे यंत्र असते. जाड, ताणलेल्या कव्हरामुळे त्याचे वाचन चुकू शकते आणि पट्ट्याची सूचना विनाकारण वाजते किंवा वाजत नाही. आणि गाडीच्या आत वापरलेले कापड व फोम किती वेगाने जळावे याला भारतीय मानक आयएस 15061 मर्यादा घालते. कंपनीची सीट त्या कसोटीतून गेलेली असते. रस्त्यावर शिवून घेतलेले कव्हर आणि त्याखालचे फोम गेलेले असेलच असे नाही.

हवा खेळणारी सीट असेल, म्हणजे बारीक भोकांतून वारा देणारी, तर चर्चेची गरजच नाही. तिच्यावर कव्हर घालणे म्हणजे पैसे देऊन घेतलेली सोय बंद करणे.

कव्हरांचे प्रकार, एकेक

रेक्झिन किंवा कृत्रिम लेदरचे पूर्ण कव्हर, ज्याला दुकानात बकेट फिटिंग म्हणतात, ते सगळ्यात जास्त विकले जाते. दिसायला सुबक, पुसायला सोपे. पण चामड्यासारख्या सीटवर चामड्यासारखेच कव्हर घालून काय साधते, याचे उत्तर मला सापडलेले नाही. चटका तोच, घाम तोच, ओल मात्र दोन थरांच्या मधे. एअरबॅग आणि कुलपांचा धोकाही यातच सर्वांत जास्त. कंपनीची सीट कापडी असेल तर त्याचा विचार होऊ शकतो. चामडी सीटसाठी ते बाद.

सुती किंवा टॉवेलचे कव्हर जुनेच आहे, आणि आजही सगळ्यात शहाणे. घाम टिपते, चटका घेते, काढून धुता येते. ते फक्त बसण्याच्या भागावर आणि पाठीच्या मधल्या पट्ट्यावर असावे, रंग पक्का किंवा पांढरा असावा आणि पाठीमागून एका पट्ट्याने बांधलेले असावे. पावसाळ्यात ते रोज काढून वाळवायला हवे. ते जमत नसेल तर पावसाळ्यात ते नकोच.

जाळीचे कव्हर मधून हवा जाऊ देते. लांबच्या चालकाला ते सुखाचे. त्याची वीण खरखरीत असेल तर फिकी सीट घासते, म्हणून मऊ अस्तराचे पाहून घ्यावे.

लाकडी मण्यांची चटई टॅक्सीवाल्यांना आवडते आणि पाठीला वाराही लागतो. पण खऱ्या चामड्यावर मणी खळगे पाडतात.

कुत्र्यासाठी, मुलांसाठी किंवा मालासाठी मागच्या सीटवर अंथरायचे जाड कापड मिळते. हेडरेस्टला अडकवायचे आणि काम झाले की घडी घालून डिकीत टाकायचे. ज्यांची गरज कधीमधी आहे, त्यांच्यासाठी यासारखे दुसरे नाही. पट्ट्याच्या कुलपांसाठी त्यात खाचा असाव्यात, एवढे पाहावे.

हेडरेस्टची छोटी टोपी बऱ्याच जणांना गौण वाटते. खोबरेल लावलेल्या केसांच्या आपल्या घरांत ती सर्वांत उपयोगी. तेलाचा काळपट डाग तिथेच पडतो, आणि या टोपीने कोणतीही एअरबॅग अडत नाही.

गुंजी, निपाणी, गोवा

आता तिन्ही हवांचा निवाडा. गुंजी-लोंढा-जांबोटीच्या पट्ट्यात जून ते ऑक्टोबर सीट उघडी असावी. लोक नेमके उलट करतात. चिखल आला, पाऊस आला म्हणून जून लागताच कव्हर चढवतात, आणि ज्या महिन्यांत सीटला श्वास हवा त्याच महिन्यांत तिला कोंडतात. चिखल पुसता येतो. बुरशी मात्र फोममध्ये उतरली की सीट खोलल्याशिवाय निघत नाही. उन्हाळ्यात सुती पट्टी चालेल.

निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या बाजूला ओलीपेक्षा धूळ आणि ऊन हे शत्रू आहेत. तिथे वर्षातले बरेच महिने सुती कव्हर ठेवायला हरकत नाही. अट एकच, दर पंधरा दिवसांनी ते उचलून खालची धूळ काढावी. तंबाखूचा व्यापार करणाऱ्यांच्या गाडीत पानांची भुकटी आणि वास दोन्ही बसतात. कापड वास धरून ठेवते, चामडी सीट पुसता येते. म्हणून तिथे कव्हर दोन जोड्या ठेवून आलटून-पालटून धुणे हाच उपाय.

गोव्यात नोकरीला असणाऱ्यांची गाडी वर्षभर दमट हवेत असते. तिथे गुंजीचा पावसाळी नियम बाराही महिने लागू करावा.

उघड्या सीटची निगा

सीट उघडी ठेवायची म्हणजे ती वाऱ्यावर सोडायची नाही. आठवड्यातून एकदा व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढावी. मग किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. डागाला सौम्य साबणाचा फेस पुरतो. भांड्याची पावडर, पेट्रोल, थिनर वापरू नये. कोरोनाच्या काळापासून हातातला सॅनिटायझर सीटवर चोळण्याची सवय लागली. त्यातले अल्कोहोल वरचा लेप खाते. डास पळवणारे मलम लावलेला हातही सीटला लागू देऊ नये, कारण त्यातले डीट नावाचे द्रव्य प्लास्टिक विरघळवते. हळदीचा डाग पुसून उरला तर घाबरू नये. हळदीचा रंग उजेडात फिका पडतो. कुंकवाचे मात्र तसे नाही, ते सांडल्याबरोबर कोरडेच झटकावे, ओले फडके लावू नये.

पावसाळ्यात संधी मिळेल तेव्हा चारही दारे उघडून गाडीला वारा द्यावा. एसी चालू ठेवल्याने आतली ओल कमी होते, म्हणून गावातल्या गावातही तो अधूनमधून लावावा. ओल्या छत्र्या आणि रेनकोट सीटवर न ठेवता डिकीत प्लास्टिकच्या टबात ठेवावेत. उन्हाळ्यात समोरच्या काचेला आडोसा लावावा आणि सावली शोधावी. काचेवर काळी फिल्म लावण्याचा मोह टाळावा. 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो विषय दंडाचा झाला आहे. पुढची-मागची काच किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचा किमान 50 टक्के उजेड आत सोडणाऱ्या असाव्यात, असा नियम आहे.

एवढी निगा घेतल्यावरही सीट वर्षांनी थोडी मऊ पडेल, बसण्याच्या जागी सुरकुत्या येतील. त्याला झीज समजून हळहळण्याचे कारण नाही. ती सीट वापरली गेली, घरच्यांना तिच्यावर बसायला मिळाले, त्याची ती खूण आहे.

निवाडा

चामडी किंवा चामड्यासारख्या सीटवर कायमचे, पूर्ण कव्हर घालू नये. सीटच्या पाठीत एअरबॅग असेल तर यात कोणताही अपवाद नाही. भाड्याची गाडी, शेतावरची गाडी, लहान मुले, कुत्रा, तापलेली दुपार, अशा खऱ्या गरजेला तेवढ्यापुरते, काढून धुता येणारे, बाहेरची कड उघडी ठेवणारे सुती आवरण वापरावे, आणि पावसाळी पट्ट्यात जून लागताच ते काढून ठेवावे.

आपल्या घरांत चांगली वस्तू पाहुण्यांसाठी आणि पुढच्यासाठी राखून ठेवण्याचा संस्कार आहे. त्यात काटकसर आहे, वस्तूची कदर आहे, आणि मला त्याचा आदर वाटतो. पण गाडीच्या बाबतीत हा संस्कार घरच्या माणसांच्या अंगावर येतो. पाच वर्षे आपण घामाघूम होऊन कव्हरावर बसतो, पट्ट्याचे कुलूप गाडून टाकतो, एअरबॅगचा रस्ता अडवतो आणि अनोळखी खरेदीदाराला सीट कोरी देतो. हा सौदा आपल्या मुलाबाळांच्या हिताचा नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आज गाडीपाशी जा आणि तीन गोष्टी तपासा. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी आहे का, ती कव्हराखाली गेली आहे का, आणि मागच्या सीटवरची सगळी कुलपे हाताला लागतात का. चिठ्ठी झाकली गेली असेल किंवा एखादे कुलूप सापडत नसेल, तर पुढच्या प्रवासाला निघण्यापूर्वी ते कव्हर उतरवा.